मलमाचा गुण कोणाचा: मेणाचा की औषधाचा?

मधमाशीचे मेण तेलात वितळवायचे, गाळून घ्यायचे, निवत येईपर्यंत घोटत राहायचे आणि मग त्यात एखादे औषध मिसळायचे. त्वचेवर लावायच्या औषधाची ही कृती गेल्या दोन हजार वर्षांत फारशी बदललेली नाही. ग्रीक-रोमन वैद्य, आयुर्वेदाचे आचार्य, युनानी हकीम आणि एकोणिसाव्या शतकातले इंग्रज औषधविक्रेते यांची शरीराविषयीची मते एकमेकांशी जुळणारी नव्हती. कोणी वात-पित्त-कफाच्या भाषेत बोलत होते, कोणी चार द्रवांच्या. त्यांनी मलमात घातलेली औषधेही निरनिराळी होती: कुठे वनस्पती, कुठे धातू, कुठे राळ, कुठे कापूर. जागचे हलले नाही ते मेण आणि तेल-तूप. रोग्यांना गुण आल्याचे मात्र सर्वांनीच लिहून ठेवले आहे. औषध पालटत राहिले, मेण-तेल कायम राहिले आणि गुणाची ग्वाही सगळीकडून मिळत गेली, तर त्या गुणाचा मोठा वाटा कायम राहिलेल्या घटकाकडे जातो, असा तर्क करणे भाग आहे. जुन्या मेणमलमांचे खरे औषध बहुधा त्यांचा बेस हेच होते. ज्याला तेव्हा ‘मुख्य औषध’ मानले जाई, ते कित्येकदा निरुपयोगी होते, काही वेळा घातक होते आणि मोजक्या ठिकाणीच खरोखर कामाचे होते. या मलमांकडे आज भक्तिभावाने पाहायचे नसेल आणि हेटाळणीनेही नाही, तर बेस आणि औषध यांचा हिशेब वेगवेगळा मांडायला हवा.

आधी या कृतींचा विस्तार पाहू. दुसऱ्या शतकात गॅलेनने मेण, गुलाबतेल आणि पाणी घोटून केलेल्या थंडाव्याच्या लेपाचे वर्णन केले. पुढे युरोपात ज्याला कोल्ड क्रीम म्हणू लागले त्याचा मूळपुरुष हाच. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातरक्तासाठी सांगितलेल्या पिंडतैलात मंजिष्ठा, राळ आणि सारिवा यांच्या जोडीला मधूच्छिष्ट, म्हणजे मधमाशीचे मेण, आहे. अष्टांगहृदयातल्या व्रणावरच्या जात्यादि घृतात जाईची पाने, कडुनिंब, पडवळ, हळद, दारुहळद, ज्येष्ठमध, करंज अशी लांबलचक यादी आहे, आणि तीतही मेण व मोरचूद आहेच. युनानी वैद्यकातली कैरूती म्हणजे मेण-तेलाचेच मिश्रण. आयुर्वेदाच्या औषधनिर्माणात आज शिकवली जाणारी मलहर कल्पना युनानी मरहमावरून आली असे मानतात, आणि तिचा पाया सिक्थतैल आहे: एक भाग मेण आणि पाच-सहा भाग तिळाचे तेल, ऋतुमानाप्रमाणे कमीजास्त. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश औषधकोशात ‘साधे मलम’ होते ते पांढरे मेण, डुकराची चरबी आणि बदामतेल यांचे. कोकणात आणि गोव्यात मेणाचे काम कोकमाच्या बियांतून निघणारे तेल करते. ते साधारण 40 अंश सेल्सियसच्या आसपास वितळते, म्हणून एरवी घट्ट गोळ्याच्या रूपात राहते आणि पायाच्या भेगांत भरता येते. ही यादी आणखी वाढवता येईल, पण सांगाडा तोच निघेल: साध्या हवेत वाहून न जाणारा आणि अंगावर लावताच पसरणारा एक स्निग्ध पदार्थ.

हा सांगाडा इतका टिकला तो उगाच नव्हे. मधमाशीचे मेण सुमारे 62 ते 64 अंश सेल्सियसला वितळते. त्यात लांब साखळीची मेदाम्ले आणि तितक्याच लांब साखळीची अल्कोहोले यांची एस्टरे बहुसंख्य असतात. त्यांच्याबरोबर हायड्रोकार्बने आणि काही मुक्त मेदाम्लेही असतात. गरम तेलात विरघळलेले मेण निवताना बारीक स्फटिकांच्या जाळ्यात गोठते आणि तेल त्या जाळ्यात अडकून राहते. नुसते तेल ओघळून कपड्याला लागते. मेण घातलेले तेल जिथे लावले तिथे तासन्‌तास राहते. मेणाचे प्रमाण वाढवले की लेप कडक होतो, घटवले की मऊ. ऋतूप्रमाणे प्रमाण बदलण्याची परंपरा या अनुभवातूनच आलेली. अशा मिश्रणात पाणी नसल्यामुळे त्यात जंतू सहजासहजी वाढत नाहीत आणि परिरक्षक रसायने फारशी लागत नाहीत. मेण स्वतः खवट होत नाही. तिळाच्या तेलात सेसमॉलसारखी द्रव्ये असल्याने तेही इतर बऱ्याच तेलांपेक्षा उशिरा खवट होते. फ्रीज नव्हता, बंद नळी नव्हती, तेव्हा चिनीमातीच्या बरणीत महिनोन्‌महिने टिकणारे औषध करायचे तर याहून सोयीची जोडी मिळणे कठीण होते.

त्वचेच्या बाजूने पाहिले तर हे काम अधिक स्पष्ट होते. त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरात मृत, चपट्या पेशी असतात आणि त्यांच्यामधल्या जागा स्निग्ध पदार्थांनी भरलेल्या असतात. शरीरातले पाणी बाष्प होऊन निघून जाऊ नये आणि बाहेरची चीड आणणारी द्रव्ये आत येऊ नयेत ही त्या थराची जबाबदारी. थंडी, साबण, भांडी घासण्याची पावडर, सतत ओले-कोरडे होणे यांनी हे स्निग्ध पदार्थ निघून जातात. मग थर सुकतो, लवचिकपणा जातो आणि तो तडकतो. टाचेची भेग हीच. मेण-तेलाचा लेप त्वचेत पाणी घालत नाही; असलेले पाणी राखतो. म्हणून तो कोरड्या पायावर रगडण्यापेक्षा पाय भिजवून, टिपून, ओलसर असतानाच लावला की अधिक उपयोगी पडतो. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांची निगा राखताना हाच क्रम शिकवतात: पाय पाण्यात भिजवायचे, जाड कातडे हलके घासायचे आणि लगेच तेल किंवा व्हॅसलीन लावायचे. या क्रमात जडीबुटी नाही, प्रतिजैविक नाही. तरीही भेगेतून सुरू होणारी आणि अखेर बोट किंवा पाय गमवायला लावणारी जखम टाळण्याचे ते रोजचे साधन आहे. मधुमेहाने बधिर झालेल्या पायालाही तत्त्व तेच लागू, फक्त बोटांच्या बेचक्यांत स्निग्ध काही लावायचे नाही.

नुसता बेस काय करू शकतो याचे पुरावे आधुनिक वैद्यकात आहेत, फक्त ते बहुतांशी मधमाशीच्या मेणाऐवजी पेट्रोलियम जेलीवर घेतलेले आहेत. 1962 मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या वरवरच्या जखमांवर प्रयोग करून दाखवले की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या, खपली धरलेल्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने चढते. 1992 मध्ये पीटर इलायस यांच्या गटाने आणखी एक समज मोडला. पेट्रोलियम जेली त्वचेवर नुसती बसून राहत नाही; बाहेरच्या थरातल्या पेशींमधल्या जागांत ती शिरते आणि तिच्याखाली त्वचेची स्वतःची दुरुस्ती चालूच राहते. 1996 मध्ये अमेरिकेत त्वचेच्या छोट्या शस्त्रक्रिया झालेल्या 922 रुग्णांत एका गटाला बॅसिट्रॅसिन हे प्रतिजैविक मलम आणि दुसऱ्याला साधी पांढरी पेट्रोलियम जेली दिली गेली. जंतुसंसर्गाचे प्रमाण जेलीच्या गटात 2 टक्के आणि बॅसिट्रॅसिनच्या गटात 0.9 टक्के निघाले, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. उलट बॅसिट्रॅसिनच्या गटात चौघांना औषधाचीच ॲलर्जी झाली, जेलीच्या गटात कोणालाही नाही. स्वच्छ जखमेवर औषधाची भर किती थोडी पडते, याचा इतका सरळ पडताळा क्वचितच मिळतो. ढाक्याच्या शिशू रुग्णालयात फार अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाच्या तेलाने हलके मालीश केल्यावर रुग्णालयात होणारे जंतुसंसर्ग 41 टक्क्यांनी घटल्याचे 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. पेट्रोलियम जेली, खनिज मेण आणि लोकरीतली स्निग्ध द्रव्ये असलेल्या मलमानेही त्या बाळांतले मृत्यू कमी झाल्याचे नंतरच्या विश्लेषणात दिसले. तिथेही औषध म्हणावे असे काही नव्हते. कच्च्या त्वचेला आवरण मिळाले, एवढेच.

इतिहासानेही नकळत दोन प्रयोग करून ठेवले आहेत. 1537 मध्ये तुरिनच्या स्वारीत फ्रेंच शल्यचिकित्सक आम्ब्रुआझ पारे बंदुकीच्या जखमांवर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे उकळते तेल ओतत होता. तेल संपले, तेव्हा त्याने उरलेल्या सैनिकांना अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइनचा लेप लावला. सकाळी लेपवाले शांत झोपलेले आढळले. उकळत्या तेलाचे रुग्ण तापाने आणि सुजेने तळमळत होते. दुसरा प्रयोग अधिक विचित्र आहे. सतराव्या शतकात युरोपात एका मलमाची चर्चा होती, जे जखमेला न लावता जखम करणाऱ्या शस्त्राला लावायचे. जखम फक्त धुऊन स्वच्छ फडक्याने बांधून ठेवायची. 1631 मध्ये इंग्लंडात विल्यम फॉस्टर आणि रॉबर्ट फ्लड यांच्यात या मलमावरून कडाक्याचा वाद झाला, पण तो ते जादूटोण्याचे की निसर्गनियमाचे याबद्दल होता. जखमी लोक बरे होत होते हे दोघांनाही मान्य होते. तलवारीला लावलेल्या मलमाने माणूस बरा होत असेल, तर त्याचा अर्थ उघड आहे: जखमेत काहीबाही कोंबण्यापेक्षा ती स्वच्छ ठेवून सोडून देणे बरे होते. पारेच्या लेपाची थोरवीही बलकात किंवा टर्पेंटाइनमध्ये शोधण्यापेक्षा उकळत्या तेलाच्या अभावात शोधणे अधिक रास्त ठरेल. मलमाला मिळणाऱ्या यशातला काही भाग केवळ उपद्रव न करण्याचा असतो. सौम्य बेसची पहिली पुण्याई तीच.

ही पुण्याई बेसमध्ये घातलेल्या औषधांनी वारंवार बुडवली आहे. अठराव्या शतकात माँपेलियेचे तोमा गूलार यांनी शिशाच्या क्षारांचा पुरस्कार केला आणि मेण, तेल, शिसे व कापूर यांचे त्यांच्या नावाचे मलम युरोपभर खपले. शिशाच्या मलमपट्ट्या इंग्लंडात घरोघर असत. 1890 च्या दशकात शेफिल्डच्या परिसरात गर्भपातासाठी बायका त्यातल्या शिशाच्या गोळ्या करून खात आणि विषबाधा होऊन मरत. आपल्याकडे मुर्दाडशिंग आणि शेंदूर, म्हणजे शिशाचीच ऑक्साइडे, नायटा आणि फोडांच्या मलमांत घालत आले आहेत. पाऱ्याची मलमे उपदंशासाठी शतकानुशतके अंगाला चोळली गेली आणि रोग्यांचे दात, हिरड्या, मूत्रपिंडे त्यांनी खाल्ली. बोरिक ॲसिड तर सौम्य म्हणून नावाजलेले, पण तान्ह्या मुलांच्या लंगोटाने सोलवटलेल्या त्वचेवर ते लावल्याने मृत्यू झाल्याच्या नोंदी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सापडतात, कारण फाटलेल्या त्वचेतून ते थेट रक्तात जाते. ही गोष्ट गतकाळाची मानून सोडून देता येत नाही. 2023 मध्ये केरळातल्या कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे 22 रुग्ण नोंदवले. त्यांतल्या 15 जणांमध्ये एक खास प्रकार आढळला आणि त्या 15 पैकी 13 जण गोरे करणारी क्रीमे वापरत होते. संशयित द्रव्य पाराच होते. पाऱ्याला मूत्रपिंडापर्यंत पोचायला तोंडावाटे जावे लागत नाही, एवढे तरी जुन्या मलमांच्या इतिहासाने आपल्याला शिकवायला हवे होते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मग मलमातली सगळी औषधे थोतांड ठरवायची काय? तसे मुळीच नाही. गंधकाचे मलम खरजेच्या किड्याला खरोखर मारते. लहान बाळे आणि गर्भवती स्त्रिया यांच्यासाठी 5 ते 10 टक्के गंधकाचे मलम आजही वैद्यकात मान्य आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ आर्थर व्हिटफील्ड यांनी 6 टक्के बेंझोइक आणि 3 टक्के सॅलिसिलिक ॲसिडचे मलम रूढ केले. गजकर्णावर ते अजून चालते, आणि मलावीत केलेल्या तुलनेत ते क्लोट्रिमॅझोलपेक्षा फारसे मागे पडले नाही. झिंक ऑक्साइडचा लेप लंगोटाच्या पुरळावर ओल आणि त्वचा यांच्यामध्ये उभा राहतो. या तिन्हींत समान धागा आहे: औषधाला नेमके लक्ष्य आहे, मात्रा ठरलेली आहे आणि बेसशिवाय त्याचा परिणाम दाखवता येतो. अनेक वनौषधींच्या मलमांना ही कसोटी अजून लागलेली नाही. तीळतेल आणि मेण यांत वनस्पतीजन्य द्रव्ये घातलेले एक चिनी भाजण्यावरचे मलम सिंगापूरमध्ये 115 रुग्णांवर तपासले गेले आणि सिल्व्हर सल्फाडायझीनच्या उपचाराइतकेच ते चांगले ठरले. घटकांकडे पाहिले तर हे जवळजवळ आपले सिक्थतैलच. पण या तुलनेतून यश वनस्पतीचे की मेण-तेलाचे हे कळत नाही, कारण नुसत्या मेण-तेलाचा तिसरा गटच नव्हता. शिवाय सिल्व्हर सल्फाडायझीन जखम भरणे लांबवते असे नंतरच्या आढाव्यांत दिसल्यामुळे त्याच्या बरोबरीला येणे हा फार मोठा पराक्रमही उरत नाही. जात्यादिसारख्या मलमाला हेच लागू पडते. त्याचा गुण नाकारायचा नाही, पण जाई, निंब आणि हळदीचे श्रेय द्यायचे तर त्यांच्याविना केलेल्या मेण-तेला-तुपाशी त्यांची गाठ घालून द्यावी लागेल.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. बेसच महत्त्वाचा असेल तर पेट्रोलियम जेली स्वस्त, शुद्ध आणि अधिक गुणकारी आहे. मग मधमाशीच्या मेणाची वकिली कशाला? या आक्षेपात बरेच तथ्य आहे. पेन्सिल्व्हेनियाच्या तेलविहिरींवरच्या यंत्रांना चिकटणारा मेणचट चिखल कामगार भाजल्या-कापल्यावर लावत. त्यावरून रॉबर्ट चेसब्रो यांनी शुद्ध जेली काढली आणि 1872 मध्ये व्हॅसलीनचे पेटंट घेतले. त्वचेतून होणारे बाष्पीभवन ती 98 टक्क्यांहून अधिक रोखते असे मानले जाते, तर बहुतेक तेलांची मजल 20 ते 30 टक्क्यांपर्यंत जाते. ती खवट होत नाही आणि तिची ॲलर्जी अत्यंत दुर्मीळ आहे. मधमाशीच्या मेणात प्रोपोलिसचे, म्हणजे मधमाशीने गोळा केलेल्या झाडांच्या डिंकाचे, अंश असू शकतात आणि त्याची ॲलर्जी असणारे लोक आहेत. लोकरीतल्या लॅनोलिनचेही तेच. मेणात स्निग्ध पदार्थांत विरघळणारी कीटकनाशके साठून राहतात. बाजारातल्या मेणात पॅराफिनची भेसळ होते. भारतातल्या आग्या आणि सातेरी मधमाश्यांच्या मेणाचा आम्लांक युरोपीय मेणापेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे टाकणखार घालून कोल्ड क्रीम करण्याची परदेशी कृती जशीच्या तशी इथे जमत नाही. तेव्हा टाके घातलेल्या जखमेसाठी सीलबंद नळीतली जेलीच श्रेयस्कर. मेणाची जागा तरीही उरते, ती त्याच्या ताठपणामुळे. चालताना घासणाऱ्या टाचेवर, वाऱ्यात फुटणाऱ्या ओठांवर, दिवसभर काम करणाऱ्या हातांवर जेली पुसून जाते आणि मेणाचा थर टिकतो. आजच्या कितीतरी ओठांच्या कांड्यांत आणि टाचांच्या मलमांत मेण असते ते याच कारणाने. हा गुण यांत्रिक आहे, दैवी नाही. म्हणून महाग शिक्क्याचे ‘नैसर्गिक’ मलम आणि घरचे कोकमाचे तेल यांच्यातला फरक बहुधा डबीचा आणि वासाचा.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो आपल्या हवेतून येतो. कोरड्या, थंड प्रदेशात जो लेप वरदान ठरतो तोच दमट उकाड्यात उपद्रव करू शकतो. पावसाळ्यात भातलावणीच्या चिखलात उभे राहून बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्यांना ओल कमी करायला हवी असते. तिथे मेण-तेल भरणे म्हणजे बुरशीला आसरा देणे. घामोळ्यांवर, केसांच्या मुळांशी आलेल्या फोडांवर, ओघळणाऱ्या इसबावर दाट मलम लावले की घाम आणि स्राव अडकतो. ताज्या भाजण्यावर तूप, लोणी, मलम, टूथपेस्ट यांतले काहीच लावू नये; 20 मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावे आणि मग डॉक्टरांकडे जावे, कारण स्निग्ध थर उष्णता आत कोंडतो. नायट्याच्या बाबतीत तर आपली अडचण दुहेरी आहे. गेल्या दशकभरात भारतात चिवट, औषधांना दाद न देणारा नायटा पसरला आणि त्याला कारण ठरलेल्या एका बुरशीला ‘इंडोटिनी’ असे नावही पडले. या प्रसाराला दुकानातून थेट मिळणारी स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक यांची एकत्र मलमे मोठ्या प्रमाणात जबाबदार असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. 2018 मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या वर्गात आणली ती या पार्श्वभूमीवर. जुन्या शिशाच्या मलमाची चूक आणि या नव्या मलमाची चूक एकाच जातीची आहे: आराम बेसने आणि स्टेरॉइडने तात्पुरता दिला, आणि रोग ओळखण्याची तसदी कोणीच घेतली नाही.

खुद्द जुन्या शास्त्राने असा सरसकटपणा केलेला नव्हता, हे इथे मुद्दाम नोंदवायला हवे. सुश्रुताने व्रणासाठी साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांत घृत आणि तैल आहेत, तसेच काढ्याने धुणे, धुरी देणे आणि कोरडे चूर्ण भुरभुरणेही आहे. आधी शोधन आणि मग रोपण हा क्रम आहे: घाण असलेली जखम आधी स्वच्छ करायची आणि स्वच्छ झाल्यावरच ती भरून आणणारे स्निग्ध द्रव्य लावायचे. शंभरदा पाण्याने धुतलेल्या तुपाचा दाहावर केलेला उपयोगही असाच विचारपूर्वक, कारण घोटताना त्यात पाणी आणि हवा मिसळून ते हलके होते आणि लावल्यावर थंडावा देते. एकच डबी सर्व रोगांवर, ही कल्पना परंपरेपेक्षा जाहिरातीची आहे. मेणमलमाच्या मर्यादा सांगणे म्हणजे परंपरेचा अपमान, असे ज्यांना वाटते त्यांनी सुश्रुताची ही यादी एकदा नजरेखाली घालावी.

बेसच्या बाजूनेही अतिशयोक्ती करून चालणार नाही. ब्रिटनमध्ये 1,394 नवजात बाळांवर झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभर रोज स्निग्ध मलम लावूनही दोन वर्षांच्या वयात इसबाचे प्रमाण 23 टक्के राहिले. न लावलेल्या गटात ते 25 टक्के होते, म्हणजे जवळपास तितकेच, आणि मलम लावलेल्या बाळांत त्वचेचे जंतुसंसर्ग थोडे अधिकच झाले. ढाक्यातल्या कच्च्या बाळांना जे तारते ते पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला लागत नाही. इसब झालेल्या 550 मुलांवरच्या दुसऱ्या ब्रिटिश अभ्यासात लोशन, क्रीम, जेल आणि दाट मलम यांत परिणामाचा फरक आढळला नाही. मलम दाट म्हणून श्रेष्ठ, ही जुनी समजूत तिथे टिकली नाही. जे रोज लावले जाईल ते निवडावे, एवढाच अर्थ त्यातून निघतो. शिवाय एक धोका फारसा कोणी सांगत नाही. स्निग्ध मलमे कपड्यांत आणि पांघरुणांत मुरली की ते कापड आग चटकन पकडते. ब्रिटनच्या औषध नियामकाने 2018 मध्ये हा इशारा पॅराफिनच्या मलमांसाठी दिला आणि पॅराफिन नसलेल्या मलमांनाही त्यातून वगळता येत नाही असे सांगितले. रात्री पायाला, हाताला तेल-मेण चोळून सकाळी त्याच साडीत गॅसपाशी उभे राहणाऱ्या घरांत ही गोष्ट माहीत असायलाच हवी.

या सगळ्यातून निघणारा निवाडा असा. कोरडी, भेगाळलेली, घासून सोलवटलेली पण संसर्ग नसलेली त्वचा असेल तर मेण, तेल, कोकमाचे तेल किंवा पेट्रोलियम जेली यांपैकी जे परवडते आणि जे नियमित लावले जाईल ते पुरे आहे. त्यासाठी बावीस वनस्पतींच्या यादीचे पैसे मोजण्याची गरज नाही. लाल कडा असलेले खाजरे चट्टे, पू, पसरणारी सूज, न भरणारी जखम किंवा बधिर पायावरचा व्रण असेल तर कुठलेही मलम, जुने वा नवे, निदानाची जागा घेऊ शकत नाही. शिसे, पारा आणि ठाऊक नसलेली भुकटी असलेले मलम कितीही पिढीजात असले तरी ते अंगाला लावू नये. आणि मलमांवर संशोधन करणाऱ्या आयुर्वेद महाविद्यालयांकडे, तसेच त्यांना मंजुरी आणि अनुदान देणाऱ्यांकडे, एकच मागणी करायला हवी: प्रत्येक चाचणीत नुसत्या मेण-तेलाचा एक गट ठेवा. त्या गटाला मागे टाकणारे मलम औषध म्हणून विका, आणि बरोबरीत राहणारे मलम बेसच्या किमतीत विका.